फुग्यावरची वेलांटी

४ जानेवारी, सोमवार

आज छापखान्याच्या फलकावर आम्हा दोघांसाठी नोटीस लागली. ‘मुद्रितशोधकांची टंकलेखन परिक्षा.’ मी खिशातलं लाल पेन काढून ‘रि’ची वेलांटी दुसरी केली आणि मगच पुढचं वाचलं. पुढचं असं, की यापुढे ज्याने चूक शोधली त्यानेच ती संगणकावर दुरुस्तही करायची. त्यासाठी १५ मार्चला परीक्षा. दहा मिनिटांत अडीचशे शब्द. पंधरा चुका माफ. नापास होणाऱ्याची सेवा मार्चअखेर संपेल.

अठ्ठावीस वर्षं मी या छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढतोय. निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. प्रुफावर माझी सही असली की जुने मालक पान उलटूनही बघत नसत. आता त्यांच्या मुलाला, म्हणजे धाकट्या मालकांना, माझ्या बोटांचा वेग बघायचाय.

दुसरा मुद्रितशोधक म्हणजे आमचा कॉमा. वाक्यात दम लागला की हा स्वल्पविराम टाकतो, म्हणून कॉमा. ‘आणि’ची वेलांटी त्याला अजून मला विचारावी लागते. त्याने नोटीस वाचली, “बघू की” म्हणाला आणि डबा उघडून बसला.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, “मग शिका की.” जसं काही मी येताना भाजी आणायला विसरलो होतो.

९ जानेवारी

लेक चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते आणि सकाळी एका टंकलेखन संस्थेत संगणकाचा कसलासा वर्ग करते. तिने कुणाचा तरी वापरलेला संगणक आणून पुढच्या खोलीत मांडलाय. आजवर मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज त्याच्यासमोर बसलो. लेक मागे उभी.

मांडणी मात्र ज्याने केली त्याला अक्कल होती, हे मान्य करतो. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. पहिली वेलांटी डाव्या तर्जनीखाली आणि दुसरी बरोबर तिच्या वरच्या घरात. उकारांचंही तसंच, पहिला खाली, दुसरा वर. ऱ्हस्व-दीर्घ सगळं एकाच बोटाकडे. गोची एवढीच, की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि दाबायची असते नंतर. मी आधी दाबतो. मग ती बिचारी एका ठिपक्याठिपक्यांच्या गोलावर एकटीच लोंबकळत बसते. लेक हसली. मला हसू आलं नाही.

तासाभरात तीन ओळी. मान धरली ती अजून सुटलेली नाही.

१७ जानेवारी, रविवार

लेक म्हणाली, असं रखडत नाही येणार, खेळत शिका. तिने संगणकावर एक खेळ घातलाय. खालून फुगे वर जातात. प्रत्येक फुग्यावर एक शब्द. तो टाइप केला की फुगा फुटतो. वरच्या तारेपर्यंत पोचला तर तारेवरचा कावळा ओरडतो. पाच वेळा ओरडला की खेळ संपला. कावळा कुणी काढलाय देव जाणे, जुन्या बुटासारखा दिसतो.

हा कावळा अधूनमधून उपदेशही करतो. त्याच्या चोचीपाशी अक्षरं उमटतात. ‘खांदे सैल सोडा.’ ‘चष्मा पुसा.’ ‘चहा गार होतोय.’ खरोखरच शेजारी चहा गार होत होता. ज्या कंपनीने हा खेळ काढला ती हुशार असणार, म्हातारी माणसंच तो खेळणार हे तिने ताडलंय.

पण शुद्धलेखन! तिसऱ्याच फुग्यावर ‘पुर्ण’. मी ‘पूर्ण’ टाइप केलं. फुगा ढिम्म. पुन्हा केलं. फुगा वर गेला आणि कावळा माझ्यावर ओरडला. जन्मात पहिल्यांदा बरोबर लिहिल्याबद्दल ओरडा खाल्ला. चौपन्नाव्या वर्षी, बुटाकडून.

वेग मिनिटाला चार शब्द.

२४ जानेवारी, रविवार

‘आशिर्वाद’, ‘क्रिडा’, ‘दिर्घ’, ‘उज्वल’. आज एका बैठकीत एवढे निघाले. ‘दीर्घ’ हा शब्दच ऱ्हस्व लिहायचा म्हणजे कमाल झाली.

लेक मागून म्हणाली, “बाबा, फुग्यावर जे दिसतंय तेच मारायचं. तुम्हाला तपासायला नाही दिलंय.”

मी तिला समजावलं, की चुकीचा शब्द एकदा बोटांना शिकवला की बोटं तो विसरत नाहीत. वर हेही म्हणालो, की ज्याने हा खेळ केलाय तो शाळेत बहुधा फक्त डबा खायला जात असावा. ती आत निघून गेली. हल्ली तिला जरा काही बोललेलं खपत नाही.

ही स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, “जरा जपून बोलत जा तिच्यासमोर.” मी म्हणालो, मी खेळाला बोलतोय, तिला नाही. ही भांडी घासायला गेली.

तिच्या शुद्धलेखनासाठी मी काय कमी केलं? ती नऊ वर्षांची असताना दोन वर्षं आजोळच्या शाळेत होती. दर आठवड्याला मला पत्र लिहायची. एकूण एक पत्र मी लाल पेनाने तपासून परत पाठवलं. एकही चुकवलं नाही. पुढे ती आपोआप कमी लिहायला लागली आणि मग फोन आला, तेव्हा पत्रं बंदच झाली. फोनमुळे पोरांचं लिहिणं गेलं ते असं.

३ फेब्रुवारी

वेग नऊ. चुकीच्या फुग्यांपाशी माझा खेळ दर वेळी संपतो. हे असं चालायचं नाही म्हणून चार दिवस बसून खेळातले सगळे चुकलेले शब्द उतरवून काढले. एकसष्ट निघाले. समोर शुद्ध रूप, पुढे नियम. फुलस्केप कागदाच्या तीन बाजू भरल्या.

कागद लेकीला दिला आणि म्हणालो, ज्या कुणी हा खेळ केलाय त्याला हे पाठव.

तिने तिन्ही बाजू वाचल्या. मग विचारलं, “सगळे पाठवू?”

“सगळे. आणि खाली लिही, ज्याला हे काम येत नाही त्याने ते करू नये. घरी बसावं.”

“तसंच लिहू?”

“शब्दाला शब्द.”

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. या बाबतीत पोरगी आज्ञाधारक आहे.

८ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीने ऐकलं! आज खेळ उघडला तर एकसष्टच्या एकसष्ट शब्द दुरुस्त. पाच दिवसांत. मी लेकीला म्हणालो, बघ, चूक दाखवली की दुनिया ऐकते, दाखवणारा हवा. ती चष्म्याच्या काचा पुसत होती, दुकानातलं काम घरी आणलं होतं. मान हलवली.

कावळ्याची बडबडही त्यांनी काढून टाकली आहे. आता नुसता ओरडतो. बरंच झालं, मध्ये मध्ये लक्ष जायचं.

आज सहा फेऱ्या खेळलो. वेग तेरा.

२१ फेब्रुवारी, रविवार

वेग बावीस. बोटं आता आपली आपण जातात. ‘परीक्षा’ म्हटलं की तर्जनी स्वतःहून वरच्या घरात. मी फुग्याकडे पुरतं बघतही नाही. पहिलं अक्षर दिसलं की पुढचा शब्द मला ठाऊकच असतो, शुद्ध असल्यावर दुसरा होणार कोणता.

छापखान्यात कॉमाला विचारलं, तयारी कुठवर. म्हणाला, मेव्हण्याकडे जातो संध्याकाळी, वर्तमानपत्रातल्या जाहिराती बडवतो. अर्थ कळतो का रे, मी विचारलं. “अर्थ कशाला बघू?” म्हणाला. हा माणूस नापास होणार याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लिहून ठेवतो.

लेक आता मागे उभी राहत नाही. दुकानातून आली की तिच्या खोलीत. संस्थेचा वर्गही तिने सोडलाय म्हणे. धरसोडपणा आधीपासूनच आहे.

७ मार्च, रविवार

सत्तावीस! पंधरा मिनिटांत कावळा एकदाही ओरडला नाही. हिला हाक मारून दाखवलं. ही म्हणाली, “छान.” मग म्हणाली, “तिला सांगा ना, तिच्यामुळे आलं म्हणून.” मी म्हणालो, तिने संगणक दिला हे खरं, पण बोटं माझी होती. तरी सांगेन.

राहून गेलं.

१५ मार्च, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

वरच्या मजल्यावर दोन संगणक ठेवले होते. एकासमोर मी, एकासमोर कॉमा. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात मजकूर, खालच्या अर्ध्यात आपण टाइप करायचा. ‘जसे आहे तसे’ असं वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. धाकटे मालक स्वतः घड्याळ धरून.

दुसऱ्याच ओळीत ‘महत्व’. माझ्या बोटांनी ‘महत्त्व’ मारलं. मला कळायच्या आत. पुढे ‘सुरवात’, बोटांनी ‘सुरुवात’ केली. इथवर दोष बोटांचा.

पण चौथ्या ओळीत पुन्हा ‘महत्व’ आलं, तेव्हा मला कळत होतं. समोर काय आहे, मशीन काय मागतंय, सगळं. अर्धा त काढून टाकला की झालं. तर्जनी नाही, कुठलंच बोट आड येत नव्हतं. मीच आड आलो. हातून अठ्ठावीस वर्षं जे होऊ दिलं नाही ते दहा मिनिटांसाठीही करवेना. वाटलं, आत बसून कुणीतरी हे तपासेल तेव्हा त्याला दिसेल की इथे एक जाणता माणूस बसला होता.

कुणी तपासलं नाही. वेळ संपली आणि मशीननेच आकडे दाखवले. शब्द दोनशे अठ्ठ्याहत्तर. चुका एकोणीस.

एकोणीसपैकी तेरा माझ्या दुरुस्त्या. खऱ्या चुका सहाच.

कॉमा : शब्द दोनशे चौपन्न, चुका अकरा. पास.

१६ मार्च

धाकट्या मालकांकडे गेलो. तेरा शब्दांची यादी टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, अगदी नीट वाचली. माणूस उर्मट नाही, तेच जास्त लागतं.

म्हणाले, “काका, तुमचं बरोबर आहे. पण शब्द तपासायला आता संगणक आहे. मला शोधणारा नकोय, उतरवणारा हवाय.”

मी विचारलं, मग संगणकाने हा मजकूर का नाही तपासला? ते म्हणाले, तो मुद्दाम न तपासता ठेवला होता. माणूस बघून टाइप करतो की मनचं टाइप करतो हे त्यातून कळतं.

मग त्यांनी वडिलांचं नाव काढलं, माझ्या सहीबद्दल काही चांगलं बोलले आणि २९ तारखेला पुन्हा एक संधी दिली. “या वेळी दिसेल ते मारा,” म्हणाले. दाराशी आल्यावर यादी परत न्यायची राहिली हे लक्षात आलं, पण आत गेलो नाही.

१७ मार्च

विचार केला. मला आता चुकीचं टाइप करायचा सराव हवा. आणि तो खेळ तर मी स्वतःच शुद्ध करून ठेवलाय.

लेक दुकानातून आली तेव्हा म्हणालो, कंपनीला कळव, पूर्वीचा चुकांचा खेळ परत पाठवा म्हणावं, दहा दिवसांसाठी.

ती हसली. महिन्यात पहिल्यांदा हसली, पण ऐकवत नव्हतं ते. म्हणाली, “नाही मिळायचा तो. पुसून टाकला.” आणि खोलीत गेली.

मी हिला म्हणालो, पोरीला कसं ठाऊक कंपनीने पुसला ते?

ही चपाती लाटत होती. लाटणं खाली ठेवलं. “कसली कंपनी हो?” म्हणाली. “तुमच्यासाठी तिनेच केला होता तो. दोन आठवडे जागून. शब्द तिचे, कावळा तिचा.”

मी विचारलं, मग तिने सांगितलं का नाही. ही म्हणाली, “तिचा म्हटल्यावर तुम्ही खेळला असता का? पेन घेऊन बसला असता.”

मग बाकीचंही कळलं. संस्थेच्या बाईंना तो खेळ आवडला होता. शाळांसाठी असे आणखी करून दे, इथेच कामाला ये, असं त्या म्हणाल्या होत्या. फेब्रुवारीत नेऊन दाखवायचा होता. ही पोरगी माझा कागद पर्समध्ये घालून तीन दिवस फिरली, मग बसून एकसष्ट शब्द दुरुस्त केले, आणि बाईंना सांगून आली की मला हे काम येत नाही. वर्गही त्याच दिवशी सोडला.

मी खाली लिहायला सांगितलेली ओळ बायकोलाही पाठ होती. तिने ती मला म्हणून दाखवली, शब्दाला शब्द.

१८ मार्च

सकाळी लेक चपला घालत होती तेव्हा दाराशी जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, ऐन वेळी भलतंच बाहेर आलं. म्हणालो, “मला ठाऊक नव्हतं तो तुझा आहे.”

ती वर न बघता म्हणाली, “ठाऊक असतं तर कमी चुका काढल्या असत्या?”

मी विचार केला. खरंच केला. खोटं बोलायचं नव्हतं.

“नाही,” म्हणालो.

तिने मान हलवली, पट्टा लावला आणि गेली. दिवसभर मला वाटत होतं, की निदान खरं तरी बोललो. संध्याकाळी वाटेना झालं.

२२ मार्च

कॉमाने माझ्यासाठी चार पानं मजकूर लिहून आणलाय, सरावाला. त्याला मुद्दाम चुकावं लागत नाही, सहज लिहिलं तरी ओळीत तीन निघतात. मी ते टाइप करत बसतो. ‘पुर्ण’ला तर्जनी वर जायला बघते, मी तिला खाली दाबून ठेवतो. पहिले दोन दिवस अंगावर काटा यायचा. आता येत नाही. सवय किती पटकन लागते माणसाला.

कॉमाला म्हणालो, उपकार झाले. तो म्हणाला, अहो, तुम्ही माझ्या चुका इतकी वर्षं गुपचूप काढल्यात, मालकांकडे एकदाही बोलला नाहीत. हे माझ्या ध्यानातही नव्हतं. परक्याच्या चुका मी गुपचूप काढत होतो तर.

२९ मार्च, सोमवार

शब्द दोनशे एकसष्ट. चुका चार. पास.

मजकुरात ‘महत्व’ पाच वेळा होतं. पाचही वेळा दिसलं तसं मारलं. धाकट्या मालकांनी हात मिळवला.

घरी आलो. हिने देवापुढे दिवा लावला. लेकीने “अभिनंदन, बाबा” म्हटलं, मनापासून म्हटलं, आणि ताटं घेतली. मी म्हणालो, तुझ्यामुळे आलं मला. ती म्हणाली, कॉमाकाकांमुळे आलं. तेही खोटं नव्हतं.

११ एप्रिल, रविवार

नोकरी आहे. सकाळी जातो, पडद्यावर दिसेल ते उतरवतो. लाल पेन वापरायचं कारण पडत नाही. परवा एका पानावर ‘क्रिडा’ होतं. संगणकाने खाली रेघ ओढली नाही, मीही पुढे गेलो. तेवढं एक मिनिट काम थांबलं होतं, कुणाला कळलं नाही.

आज लेक घरी होती. पुढच्या खोलीतला संगणक तिने विकायला काढलाय, गिऱ्हाईक दुपारी यायचं होतं. ती वायरी गुंडाळत होती. मी स्टूल ओढून बसलो. आठवडाभर मनात घोळवलेलं बोललो. म्हणालो, संस्थेच्या बाईंकडे मी येतो तुझ्याबरोबर. माझी चूक मी सांगतो. तू नवा खेळ कर. शब्द कसे का असेनात, मी एकालाही हात लावणार नाही, वाटलं तर बघणारसुद्धा नाही.

तिने वायर पूर्ण गुंडाळली, गाठ मारली.

“तसं नाही, बाबा,” ती म्हणाली. चिडलेली नव्हती. मला समजावून सांगत होती, जानेवारीत वेलांटी कुठे ते सांगायची तसंच. “मी बसले होते करायला. दोनदा बसले. पण आता शब्द लिहिला की मला तो चुकलाय असंच वाटतं. मग मी पुसते.”

मी विचारलं, कोणता शब्द?

“कोणताही,” ती म्हणाली आणि दारावरची बेल वाजली म्हणून उठली.